डिजिटल सुरक्षेचा सगळा भार नागरिकावरच का?

अशोकचौकी
नमस्कार मंडळी. सोलापुरात अशोक चौकाच्या पुढं आमचं ऑनलाइन फॉर्म भरायचं छोटं केंद्र आहे. गिऱ्हाईक म्हणजे मुख्यतः बिडी कामगार बायका आणि यंत्रमागावरचे कामगार. सध्या पेन्शनवाल्यांचे हयातीचे दाखले आणि लाडकी बहीणची ई-केवायसी एकदम अंगावर आल्यामुळं जेवायला फुरसत नाही, तरी रात्री बसून हा धागा काढतेय.

बिडी वळणाऱ्या बाईचं बोट कधी जवळून बघितलंय का? पत्रा ठेवून पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायची, दोरा गुंडाळायचा, टोक मुडपायचं. उभं आयुष्य हेच. रेषा झिजून कातडं गुळगुळीत झालेलं असतं. मशीनवर अंगठा ठेवला की लाल दिवा. पुसून परत लाल. मग तर्जनी, मग दुसरा हात. शेवटी मोबाइलवर चेहरा दाखवून दाखला निघतो. तो पर्याय आल्यापासून खरंच बरं झालंय, नाकारत नाही. पण पुढचं काम ओटीपीचं असलं की परत अडलं. आधारला जोडलेला नंबर पोराचा, पोरगं पुण्यात कंपनीत, आणि शिफ्टमध्ये फोन गेटवर जमा. लाडकी बहीणला तर नवऱ्याचा नाहीतर वडिलांचा आधार पण लागतो, म्हणजे अजून एक ओटीपी.

प्रत्येक नवीन पायरी सुरक्षेसाठी आहे असं सांगतात, असेलही. मला खुपतंय ते वेगळंच. सुरक्षेसाठी जे काही करायचं ते या बाईनंच. ओटीपी तिनं सांभाळायचा, खोटी लिंक तिनं ओळखायची, बायोमेट्रिक लॉक (आधारला जोडलेलं बोट-चेहरा दुसऱ्यानं वापरू नये म्हणून लावायचं कुलूप) तिनं करायचं. आणि तिच्या आधारची झेरॉक्स जिथं जिथं पडून आहे (बचत गट, गॅस, सिमकार्डचं दुकान, शाळा) त्यांना कोण विचारतं? सुरक्षा पाहिजे, माणसाचा हक्क राहिला पाहिजे आणि नवीन सोयी पण पाहिजेत, हे तिन्ही कबूल. पण यातला पहिला भार कुणी उचलायचा?

कडक_भाकरी
पहिला नंबर माझा. शेंगा चटणी घेऊन बसलोय, होऊन जाऊ दे.

निवृत्त_रोखपाल
ताई, तळमळ समजते. पण माझी सगळी नोकरी काउंटरमागं गेली, त्यामुळं दुसरी बाजू सांगतो. पैसे जाईपर्यंत सुरक्षा ही कटकट वाटते. गेल्यावर तोच माणूस विचारतो, तुम्ही मला अडवलं का नाही?

आमच्या सोसायटीतल्या एका बाईंना फोन आला. तुमच्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडलेत, तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये आहात, कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही. बाई शिकलेल्या, शिक्षिका म्हणून निवृत्त. तरी एफडी मोडायला बँकेत पोचल्या. काउंटरवरच्या मुलीनं उलटे प्रश्न विचारले, साहेबांना बोलावलं, वेळ काढला, म्हणून वाचल्या. बाई त्या मुलीवर तेव्हा प्रचंड चिडल्या होत्या. डिजिटल अरेस्ट नावाची गोष्ट आपल्या कायद्यात नाहीच, खुद्द पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ च्या मन की बातमध्ये सांगितलं होतं. तरी लोक फसतातच.

पैसे गेले तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला फोन लावा, घरच्यांशी भांडण नंतर. आणि रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक लक्षात ठेवा. चूक ना तुमची ना बँकेची, मधेच कुठंतरी गडबड झाली, आणि तुम्ही बँकेचा मेसेज आल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलं, तर तुमची जबाबदारी शून्य. ओटीपी स्वतः सांगितलात तर मात्र कळवेपर्यंतचं सगळं नुकसान तुमचं.

सातरस्ता
रोखपाल काका, शेवटचं वाक्य परत वाचा. ताई तेच म्हणतायत की.

सडेतोड
धाग्याचा सूर आवडला नाही. प्रायव्हसी हे पोट भरलेल्यांचं खूळ आहे. माझ्या गावाकडं आधी रेशनचा गहू परस्पर बाजारात जायचा, मेलेल्या माणसांच्या नावावर पेन्शनी निघायच्या. आता थेट खात्यात पैसे येतात. त्या बाईला विचारा, डेटा पाहिजे का दीड हजार? ती काय सांगेल ते आपल्याला माहीत आहे. उगाच तिच्या नावानं आपली मतं मांडू नये.

पॅकेट_पांडू
मी मूळचा विजापूर वेशीतला, सध्या पुण्यात सायबर सिक्युरिटीत. सडेतोड, दीड हजार देताना डेटा उघडा ठेवलाच पाहिजे असा काही नियम आहे का? दोन्ही जमतं. जमवायला खर्च येतो, आणि तो खर्च टाळण्यात सगळ्यांचं एकमत असतं.

अंगठ्याचंच घ्या. आधारवरून पैसे काढायची जी सोय आहे (गावातला बँकमित्र छोट्या मशीनवर अंगठा घेऊन रोख देतो ती), तिथं ओटीपी लागत नाही, पिन लागत नाही. म्हाताऱ्या माणसासाठी सोय म्हणून उत्तम. पण खरेदीखतांवरचे अंगठ्याचे ठसे उचलून, सिलिकॉनचे नकली अंगठे बनवून, त्यावर पैसे काढल्याची प्रकरणं बऱ्याच राज्यांत उघडकीला आली. पासवर्ड फुटला तर बदलता येतो. अंगठा फुटला तर काय बदलणार?

उपाय काय सांगितला? तुम्ही बायोमेट्रिक लॉक करा. म्हणजे ताईंचा मुद्दा बरोबर आहे. फक्त अलीकडं थोडा फरक पडतोय. हे व्यवहार करणाऱ्या एजंटांची नीट तपासणी आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायचं काम बँकांनीच करायचं, असे निर्देश रिझर्व्ह बँकेनं जून २०२५ मध्ये काढलेत, १ जानेवारी २०२६ पासून लागू. भार उचलू शकणाऱ्याच्या डोक्यावर टाकणं याला म्हणतात.

झेरॉक्सचं तर विचारूच नका. मे २०२२ मध्ये आधारच्या बंगळुरू कार्यालयानं पत्रक काढलं होतं की आधारची झेरॉक्स कुणालाही देऊ नका, शेवटचे चार आकडे दिसणारं मास्क्ड आधार द्या. चांगला सल्ला होता. दोन दिवसांत सरकारनं पत्रक मागं घेतलं, लोकांचा गैरसमज होईल म्हणून.

कडक_भाकरी
म्हणजे कुलूप आमच्या दाराला आणि किल्ल्या साऱ्या गल्लीत वाटलेल्या. वा बे.

अशोकचौकी
पांडू दादा, लॉकचं बोललात म्हणून विचारते. लॉक केलं की रेशनच्या मशीनवर अंगठा चालत नाही, हयातीच्या दाखल्याला चेहरा पण चालत नाही. मग काय करायचं?

पॅकेट_पांडू
तात्पुरतं अनलॉक करता येतं. ॲपवरून किंवा वेबसाइटवरून. थोड्या वेळात आपोआप परत लॉक होतं.

अशोकचौकी
अनलॉक करायला काय लागतं?

पॅकेट_पांडू
नोंदवलेला मोबाइल… आणि ओटीपी.

बरं, पोराची शिफ्ट कधी सुटते?

सातरस्ता
=)) =))

लूमवाला
माझं गाऱ्हाणं वेगळं आहे, पण याच धाग्यात बसतंय. आमचा चादर-टॉवेलचा धंदा. डिझाइनचे फोटो, रंगाचं कार्ड, ऑर्डर, बिल्टी, सगळं दुकानातल्या कॉम्प्युटरवर व्हॉट्सॲप वेबवर चालतं. फोन माझ्याजवळ, मी अक्कलकोट रोडला एमआयडीसीत, मुनीम दुकानात. २८ नोव्हेंबर २०२५ ला दूरसंचार खात्याचा आदेश आला की मेसेजिंग ॲप ज्या सिमवर काढलंय ते सिम फोनमध्ये असेल तरच चालावं आणि वेबवरचं लॉगिन दर सहा तासांनी बंद व्हावं. परदेशात बसून भारतीय नंबरावरून लोकांना गंडवणाऱ्यांसाठी आहे म्हणे. कारण पटतं. पण मुनिमानं दर सहा तासांनी क्यूआर स्कॅन करायला मला शोधत एमआयडीसीपर्यंत यायचं का?

चोराला पकडायला आमची वाट अडवतात, हे आपल्याकडं नेहमीचंच.

निवृत्त_रोखपाल
लूमवाले, मुनिमाला वेगळा फोन आणि बिझनेसचा वेगळा नंबर घेऊन द्या. एवढी कमाई असेल टॉवेलात.

लूमवाला
काका, सुताचे भाव बघून बोला.

मागावर_ॲप
लूमवाले, तुमच्यासारख्यांसाठीच आम्ही तिघं मिळून ऑर्डरचं ॲप बनवतोय, त्यामुळं नवीन काही करणाऱ्यांच्या बाजूनं बोलतो.

एप्रिल २०२२ च्या सर्ट-इनच्या (सायबर हल्ल्यांवर लक्ष ठेवणारी केंद्र सरकारची संस्था) निर्देशांप्रमाणं सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची आणि सिस्टिमचे लॉग (कुणी कधी काय केलं याच्या नोंदी) १८० दिवस ठेवायचे. मोठ्या कंपनीकडं रात्रपाळीची माणसं असतात. आमच्यात रात्री तीन वाजता काही झालं तर मी झोपलेला असतो. व्हीपीएनवाल्यांना (इंटरनेटवर आपली ओळख झाकायची सेवा देणाऱ्यांना) ग्राहकांची माहिती पाच वर्षं ठेवायला सांगितली, तर त्यातल्या काही मोठ्या कंपन्यांनी भारतातले सर्व्हर उचलले आणि सेवा बाहेरून सुरू ठेवली. त्यातून सुरक्षा किती वाढली?

आता डेटा संरक्षणाचा २०२३ चा कायदा. त्याचे नियम १४ नोव्हेंबर २०२५ ला आले, मोठा भाग दीड वर्षानं लागू होणार. त्यात संमतीची नोटीस इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचायची सोय द्यायची, म्हणजे बावीस भाषा. आधी मी कपाळाला हात लावला. मग विचार केला, सोलापुरात धंदा करायचा तर मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू तसंही लागणारच.

या कायद्याच्या भीतीनं एक काम मात्र चांगलं झालं. आमच्या फॉर्ममध्ये जन्मतारीख, आधार, घरचा पत्ता असे रकाने होते. कुणी ठेवले, कशाला ठेवले, कुणाला सांगता येईना. काढून टाकले. टॉवेल विकायला गिऱ्हाइकाची जन्मतारीख कशाला पाहिजे? जे घेतलंच नाही ते फुटणार कुठून?

कडक_भाकरी
अवांतर: परवा हुरडा पार्टीचं बुकिंग केलं. फॉर्ममध्ये सगळ्या सदस्यांचे आधार मागितले. हुरडा खायला. ज्वारीला पण केवायसी.

सातरस्ता
कुठला मळा? गूळ-शेंगा देतात का? व्यनि (खासगी निरोप) करा.

माहिती_काका
हुरड्यावरून परत मुद्द्यावर या. वर कायद्याचं कौतुक झालं, त्यातली मेख सांगतो. मी माहिती अधिकाराचे अर्ज करतो, वॉर्डातले रस्ते, ड्रेनेज, हजेरीपट, असलंच. या कायद्याच्या कलम ४४(३) नं माहिती अधिकार कायद्याचं कलम ८(१)(जे) बदललं, आणि दीड वर्षाची सवलत या कलमाला नाही, ते नोव्हेंबरातच लागू झालं. आधी वैयक्तिक माहिती नाकारायची तर तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही असं दाखवावं लागायचं. शिवाय जी माहिती विधिमंडळाला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येत नाही, असं तिथं लिहिलेलं होतं. ते सगळं गेलं. आता "वैयक्तिक माहिती आहे" एवढं म्हटलं की झालं.

म्हणजे आमच्या बिडीवाल्या अक्काची माहिती सगळ्यांकडं, आणि ठेकेदाराच्या बिलावरचं नाव गोपनीय. हक्काच्या नावानं हक्क गेला.

सडेतोड
काका, ब्लॅकमेल करणारे अर्जदार पण बघितलेत हो आम्ही. सगळे तुमच्यासारखे नसतात.

माहिती_काका
बघितले असतील. त्यांच्यासाठी पोलीस स्टेशन आहे.

ॲड_जुळेसोलापूर
उशिरा आले, कोर्टाला सुट्टी लागेपर्यंत वेळ नव्हता. दोन-तीन गोष्टी.

सडेतोड, "पोट भरलेल्यांचं खूळ" हा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयासमोर झालेला आहे. पुट्टस्वामी प्रकरणात, २४ ऑगस्ट २०१७ ला, नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे आणि गरिबांना तो नको असतो हे म्हणणं चुकीचं आहे. त्याच निकालात सरकारला वाट पण ठेवली आहे. हक्कावर बंधन घालायचं तर कायदा पाहिजे, हेतू रास्त पाहिजे आणि बंधन हेतूच्या प्रमाणात पाहिजे. ताईंच्या प्रश्नाला लावा. हयातीचा दाखला मागणं रास्त आहे. पण बोट झिजलेल्या बाईला चेहरा, ओटीपी किंवा साधा कागद यातलं काहीच चालत नसेल, तर ते प्रमाणात बसत नाही.

आता भार कुणावर. डेटा संरक्षणाचा कायदा मोडणाऱ्या कंपनीला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, ऐकायला फार भारी वाटतं. हा दंड जातो भारताच्या संचित निधीत, म्हणजे सरकारी तिजोरीत. जिची माहिती फुटली तिला एक रुपया नाही. आयटी कायद्यात ४३ए नावाचं कलम आहे, त्यात निष्काळजी कंपनीकडून नुकसानभरपाई मागता येते. तेही हा कायदा पुरता लागू झाला की जाणार. उलट नागरिकाची कर्तव्यं कलम १५ मध्ये लिहिली आहेत, खोटी तक्रार करू नये वगैरे, आणि ती मोडली तर नागरिकाला दहा हजारांपर्यंत दंड. सरकारच्या यंत्रणांना सुरक्षेच्या कारणावरून अधिसूचना काढून पूर्ण सूट देता येते, ते कलम १७ मध्ये.

सुरक्षा नको असं माझं म्हणणं मुळीच नाही. संचार साथी ॲप प्रत्येक नवीन फोनमध्ये आधीच टाकून द्या, असा आदेश नोव्हेंबर २०२५ च्या शेवटी निघाला होता. चोरीचा फोन बंद करायला ते ॲप उपयोगी आहे, मी स्वतः अशिलांना सांगते. पण ज्याला पाहिजे त्यानं घेणं वेगळं आणि सगळ्यांच्या फोनमध्ये घालून देणं वेगळं. ओरड झाली, ३ डिसेंबरला सक्ती मागं घेतली. ओरडलं की ऐकतात, कधीकधी.

पॅकेट_पांडू
वकीलबाई, दंडवत. ४३ए जाणार हे आमच्या क्षेत्रातल्या निम्म्या लोकांना माहीत नाही.

भार माहिती ठेवणाऱ्यावर टाकला तर काय होतं, याचं उदाहरण द्यायचं तर एस्टोनिया. २००७ मध्ये त्या देशावर मोठा सायबर हल्ला झाला, बँका, वर्तमानपत्रं, सरकारी साइट बंद पडल्या. त्यांनी नंतर पण सगळा कारभार ऑनलाइनच ठेवला. पण तिथं तुमची नोंद कुठल्या खात्यानं कधी उघडली हे नागरिकाला स्वतःला बघता येतं. उगाच डोकावणाऱ्या पोलिसाला किंवा डॉक्टरला जाब द्यावा लागतो. २०१७ मध्ये त्यांच्या साडेसात लाखांवर ओळखपत्रांच्या चिपमध्ये दोष निघाला, तेव्हा सरकारनं आपण होऊन जाहीर केला आणि दुरुस्त केला.

आपल्याकडं? दिल्लीच्या एम्सवर नोव्हेंबर २०२२ मध्ये हल्ला झाला, कित्येक दिवस केसपेपर हातानं लिहिले. जून २०२३ मध्ये टेलिग्रामवर एक बॉट (आपोआप उत्तरं देणारा प्रोग्राम) लसीकरणाचे तपशील दाखवत होता. कोविनचा (लसीकरणाच्या सरकारी साइटचा) डेटाबेस थेट फुटलेला नाही असं सरकारनं सांगितलं. बरं, नसेल. पण ज्यांचे तपशील दिसत होते त्यांना कुणाचा मेसेज आला का?

आधारची पण ऑथेंटिकेशन हिस्टरी बघता येते बरं का, गेल्या सहा महिन्यांतली. कुणी आणि कधी तपासलं. फार कमी लोक बघतात.

कडक_भाकरी
एस्टोनियाची लोकसंख्या चौदा लाखांच्या आत. आपला सोलापूर जिल्हाच २०११ ला त्रेचाळीस लाख होता. तिथलं काय सांगता राव, आमच्यात पाणी कधी येणार ते ऑनलाइन कळलं तरी मी ई-गव्हर्नन्सच्या नावानं सिद्धेश्वराला नारळ फोडेन.

सातरस्ता
पाण्याचं माहीत नाही, पण मनपा निवडणुकीचे फोन सुरू झालेत. इच्छुकाचा माणूस माझं नाव, प्रभाग, बायकोचं नाव सगळं सांगत होता. मतदार यादीत मोबाइल नंबर तर नसतो ना? मग आला कुठून?

लूमवाला
मिसकॉल देऊन कुठल्या तरी योजनेचा फॉर्म भरला असशील बे.

रात्रशाळा
मी नेहमी वाचनमात्र असते, आज लिहिते. माझ्या भावाला इंजिनिअरिंग करताना कॉलेजच्या निकालाच्या साइटमध्ये भोक सापडलं. पत्त्यातला आकडा बदलला की दुसऱ्याचा निकाल, फोटो, जातीचा दाखला, सगळं उघडत होतं. त्यानं सरांना नेऊन दाखवलं. सरांनी वडिलांना बोलावून घेतलं, "हॅकिंग करतो" म्हणून. भोक पुढच्या सेमिस्टरपर्यंत तसंच होतं. आता तो अशा गोष्टी दिसल्या तरी टॅब बंद करतो.

पॅकेट_पांडू
सगळ्यात जास्त चीड या प्रतिसादाची आली. तुमच्या भावाची नाही, त्या सरांची. आयटी कायद्याच्या ४३ आणि ६६ मध्ये परवानगीशिवाय, अप्रामाणिकपणे किंवा फसवायच्या हेतूनं शिरलं की तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि चांगल्या हेतूनं दोष दाखवणाऱ्याला वेगळं संरक्षण नाही. सर्ट-इनकडं दोष कळवायची सोय आहे, भावाला पुढच्या वेळी तिथं लिहायला सांगा, पण मुद्दाम आत फिरून बघू नकोस म्हणावं. सुरक्षा आणि नवीन पोरांची हुशारी एकमेकांच्या विरोधात नसतात. आपण त्यांना विरोधात उभं करतो.

सडेतोड
बरंच वाचलं. काही पटलं, नुकसानभरपाईचं तर फारच. पण धागाकर्त्या ताईंना एक सरळ प्रश्न. सगळे ठेवणाऱ्यांना धुवतायत. तुमच्या केंद्रात रोज आधार येतात व्हॉट्सॲपवर. त्यांचं काय करता?

अशोकचौकी
वाट बघत होते कुणी विचारतंय का याची. संध्याकाळी शटर ओढायच्या आधी डाउनलोडचं फोल्डर आणि व्हॉट्सॲपचे फोटो साफ करते. बिघडलेल्या प्रिंट फाडते. पण यावर सगळ्यात जास्त बोलणी कुणाची खाते माहितीय का? गिऱ्हाइकाचीच. अक्का म्हणतात, तुझ्याकडं ठेव की, दर वेळी कागद कुठं शोधत बसू? घरात पावसाळ्यात गळतं, पेटीत झुरळं. शेजारचं केंद्र सगळ्यांची फाइल करून ठेवतं, तिथं काम पाच मिनिटांत होतं, म्हणून दोघी-तिघी तिकडं गेल्यासुद्धा. आता ते केंद्र चुकीचं म्हणू का? बायकांना तीच सोय वाटते.

डिजिलॉकर (कागदपत्रं ऑनलाइन ठेवायची सरकारी सोय) काढून देते काही जणींना. त्यालाही परत तोच नंबर लागतो. त्यामुळं हल्ली पहिलं काम हे करते की आधारला पोराऐवजी बाईचा स्वतःचा नंबर जोडून घ्यायला पाठवते. साधा बटणाचा फोन असला तरी ओटीपी येतोच.

ॲड_जुळेसोलापूर
हे उत्तर मला कुठल्याही भाष्यात मिळालं नसतं. नंबर बाईच्या नावाचा.

निवृत्त_रोखपाल
बँकेतला नंबर पण बदलून घ्यायला सांगा त्याच दिवशी. आणि बदलल्यावर महिनाभर जरा जास्त सांभाळून, नंबर बदलला की फोनवाले भामटे तुटून पडतात.

माहिती_काका
वकीलबाई, माझा हजेरीपटाचा अर्ज परवाच "वैयक्तिक माहिती" म्हणून फेटाळलाय. अपिलात काय लिहू?

ॲड_जुळेसोलापूर
कलम ८(२) शाबूत आहे. नुकसानापेक्षा जनहित मोठं असेल तर माहिती देता येते. त्यावर जोर द्या, आणि रस्ता किती दिवसांत उखडला त्याचे फोटो जोडा. पहिल्या अपिलाला तीस दिवस आहेत, घालवू नका.

अशोकचौकी
मागावर_ॲप, तुमची तेलुगूतली नोटीस तयार असेल तर द्या ना. मास्क्ड आधार आणि स्वतःचा नंबर, एवढंच लिहून भिंतीला लावते.

मागावर_ॲप
उद्या पाठवतो. पण ज्यांना वाचता येत नाही त्यांचं?

अशोकचौकी
मोठ्यानं वाचून दाखवायला मी आहे की. फक्त चार ओळींत बसवा.

कडक_भाकरी
आणि खाली "मी वरील सर्व अटी मान्य करतो" टाकू नका, नाहीतर परत अंगठा मागतील.